खडक चढणारी जीप आणि तिचा कारागीर



न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकावयास जमण्याची सवय महाराष्ट्राला लागली आणि ती आपल्या वऱ्हाडानेही उचलली. अशा व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण या विषयांवर बोलण्याचा रिवाज आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते मोटारीच्या आसांवर, टायरांवर आणि ते बसविणाऱ्या हातांवर. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु आमचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले आहे. ज्यांच्या संगतीत आयुष्य गेले त्यांची विद्या हीदेखील विद्याच आहे असे आम्ही मानतो, आणि तेवढे तुम्हांला पटवून द्यावे एवढ्याच हेतूने येथे उभे राहिलो आहोत.

अलीकडे हौशी मंडळींत एक नवा छंद आला आहे. जुनी जीप घ्यावयाची, तिचे मूळचे आस काढून अधिक भक्कम आस घालावयाचे, कमरेपर्यंत येतील असे टायर चढवावयाचे, आणि ती गाडी रस्त्यावर न चालविता खडकांवर चालवावयाची. अशा गाडीला इंग्रजीत 'रॉक क्रॉलर' म्हणतात, म्हणजे खडकावरून रांगणारी गाडी. हा शब्द नीट ध्यानात ठेवा. ही गाडी धावण्यासाठी नाही, रांगण्यासाठी आहे. मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेग येतो. येथे सारी करामत हळू चालण्याची आहे.

या छंदाचा उगम शोधू गेले तर तो लढाईत सापडतो. १९४१ पासून अमेरिकेने सैन्यासाठी विलिस जीप बनविली. चारही चाकांना ओढ देणारी, हलकी, कोठेही घुसणारी अशी ती गाडी होती. युद्ध संपले आणि जीप शेतकऱ्यांच्या व शिकाऱ्यांच्या हाती आली. १९५३ साली कॅलिफोर्नियातील रुबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेवरून पंचावन्न गाड्यांचा ताफा गेला, आणि खडक चढणे हा तेथे एक वार्षिक मेळावाच होऊन बसला. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड महंमद या नावाने एक कंपनी निघाली. १९४८ मध्ये ती महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि मुंबईच्या माझगावात तिने जीप जोडावयास घेतली. तीच जीप पुढे आपल्या जिल्ह्यात तहसीलदाराची झाली, निवडणुकीच्या प्रचाराची झाली, आणि शेवटी तिचीच पोरे-नातवंडे काळ्या-पिवळ्या रंगात बाजाराच्या दिवशी माणसे भरभरून वाहू लागली. २०१४ पासून गोव्याच्या पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची स्पर्धा भरू लागली. चिखल, ओढे आणि दरडी यांतून गाडी काढण्याची ती शर्यत आहे. तेथे उतरणाऱ्या पुष्कळ गाड्यांची मूळ कुंडली पाहिली तर ती याच जुन्या जीपची किंवा मारुतीच्या जिप्सीची निघते. कारखान्यातून निघाल्या तशा त्या राहिलेल्या नसतात. कोठल्या तरी गॅरेजात त्यांचा दुसरा जन्म झालेला असतो. आजचे आमचे बोलणे त्या दुसऱ्या जन्माविषयी आहे.

आता कोणी विचारील, याचा बुलढाण्याशी संबंध काय? संबंध आपल्या पायाखालीच आहे. आपण जिल्ह्याचे दोन भाग नेहमी बोलतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही घाटाखालची पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. मोताळ्याहून बुलढाण्यास येताना राजूर घाट चढणारा प्रत्येक ट्रक ड्रायव्हर गिअर म्हणजे काय हे पुस्तक न वाचता जाणतो. उत्तरेस सातपुडा उभा आहे आणि त्याच्या कुशीत भिंगारा, गोमाळ, चाळीसटापरी अशी आदिवासी वस्त्यांची गावे आहेत. खाली सगळा काळा पाषाण, म्हणजे दक्षिणेच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. लोणारचे विवरदेखील त्याच पाषाणात पडलेले आहे. आणि मुंबईकडून नागपूरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर, मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात, ट्रकांच्या आणि जीपांच्या दुरुस्तीची दुकाने आहेत. म्हणजे खडक आहे, घाट आहे, जुन्या गाड्या आहेत, भंगार आहे, आणि हातही आहेत.

त्या हातांना काय काय ठाऊक असावे लागते ते आता पाहू. समजा, घाटाखालच्या एखाद्या गॅरेजात एक जुनी जीप आली आणि मालक म्हणाला, "मिस्त्री, हिला खडक चढायला शिकवा." मिस्त्री कोठून सुरुवात करील?

तो आधी गिअरांचा हिशेब करील. महिंद्रने पुष्कळ वर्षे बनविलेल्या सीजे-३बी या जीपचा हिशेब घेऊ. पहिल्या गिअरात इंजिनाचे सुमारे २.८ फेरे होतात तेव्हा पुढच्या दांड्याचा एक फेरा होतो. त्यावर 'लो' ची दांडी टाकली की आणखी २.४६ पट. आणि आसाच्या पोटात क्राऊन-पिनियनची ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ होतो. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला सातशे फेऱ्यांवर नुसते गुरगुरत असेल, तर चाकाचे फेरे मिनिटाला एकोणीस. मूळचा टायर अठ्ठावीस इंच उंचीचा धरला तर गाडी तासाला अडीच किलोमीटर चालते. माणूस रमतगमत चालतो त्याच्या निम्म्या चालीने. आणि वेग जितका पट उतरतो, जवळजवळ तितकीच पट ओढ वाढते. पहार आणि टेकू यांचा जो नियम तोच हा. हाताने पुष्कळ अंतर चालायचे, दगड थोडासा हलतो, पण हलतो.

आता मालकाला मोठे टायर हवेत. का हवेत? मोठे चाक उंच दगडावर चढते आणि आसाचे पोट जमिनीपासून वर उचलले जाते. ही गोष्ट बैलगाडीवाल्याला सांगावयास नको. म्हणून मिस्त्री पस्तीस इंची टायर चढवितो. चढविताक्षणीच दोन गोष्टी होतात. अडीचाचा वेग सव्वातीन होतो आणि ओढ शंभराची ऐंशी राहते. गाडी दिसावयास दांडगी झाली, पण खडकापुढे दुबळी झाली. ती ओढ परत आणावयाची तर आसातले ५.३८ चे गिअर काढून ६.७ च्या आसपासचे घालावे लागतात, किंवा 'लो' ची दांडी अधिक खोल करावी लागते. ते केले की चाकावर पूर्वीइतकीच ओढ आली. पण चाकाची त्रिज्या सव्वापट झालेली असल्यामुळे, तेवढ्याच ओढीसाठी आसाच्या दांड्याला सव्वापट पीळ सोसावा लागतो. कारखान्याने तो दांडा अठ्ठावीस इंची चाकासाठी घडविला होता. चाक दोन दगडांच्या फटीत अडकले आणि ड्रायव्हरने अधीर होऊन पाय दाबला, की दांडा ऊस मोडावा तसा मोडतो.

म्हणून मोठ्या टायरामागून भक्कम आस येतो. येथे एक सुंदर नियम आहे. पोलादी दांड्याची जाडी सव्वापट केली तर पीळ सोसण्याची ताकद सव्वापट होत नाही, जवळजवळ दुप्पट होते, कारण ती जाडीच्या घनाने वाढते. हे गणित मिस्त्रीने शाळेत केलेले नसेल. पण भंगारात पडलेल्या दहा आसांतून बोटांच्या मापाने तो जाड दांड्याचा आस बरोबर उचलतो. त्याने मोडलेले दांडे पाहिलेले असतात. कोठे मोडला आणि कसा मोडला, हे पाहूनच तो शिकलेला असतो.

आसातही दोन जाती आहेत. एका जातीत तोच दांडा चाक फिरवितो आणि गाडीचे वजनही पेलतो. तो मोडला तर चाक निखळून पडण्याची भीती. दुसऱ्या जातीत वजन बाहेरची नळी, म्हणजे हौजिंग, पेलते आणि आतल्या दांड्याला फक्त फिरविण्याचे काम उरते. अवजड ट्रकांत ही दुसरी जात असते. दांडा मोडला तरी चाक जागच्या जागी राहते. ओढणाऱ्यावरच वजनही लादू नये, ही गोष्ट यंत्र बनविणाऱ्यांना फार पूर्वी कळली. माणसांच्या बाबतीत ती आपल्याला अजून कळावयाची आहे.

यानंतर डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. बैलगाडीत दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात, म्हणून अडचण येत नाही. मोटारीत दोन्ही चाकांना ओढ द्यावयाची असते आणि वळताना त्यांना वेगवेगळे फिरूही द्यावयाचे असते. ही कसरत डिफरन्शियल करते. रस्त्यावर तिच्यासारखी गुणी वस्तू नाही. पण खडकावर एक चाक हवेत गेले की पाहा. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. हवेतल्या चाकाला फिरावयास पीळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. जे चाक हवेत आहे ते गरागरा फिरत सुटते, आणि जे जमिनीला पाय रोवून सगळा भार घेऊन उभे आहे त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. आमच्या सभेत हे सांगितले की लोक हसतात, आणि का हसतात ते तुम्हीही ओळखले आहे. यावर उपाय म्हणून 'लॉकर' बसवितात. दोन्ही बाजू एकमेकींशी जखडल्या जातात, आणि जमिनीवरच्या चाकाला त्याचा हिस्सा मिळतो. कोणी गरीब मिस्त्री डिफरन्शियलचे आतले दाते सरळ वेल्डिंग करून जाम करतो. खडकावर ते चालते, पण पक्क्या रस्त्याच्या वळणावर तीच गाडी फरफटते, टायर झिजतात आणि दांड्यांवर उलटा ताण येतो.

टायरातली हवा हीही एक विद्या आहे. रस्त्यावर तीस पौंड हवा असेल तर खडकावर ती बारा-पंधरावर आणतात. ढोबळ हिशेबाने, हवा तिसांची बारा केली की टायर जमिनीला अडीचपट जागा धरतो. तळवा पसरून दगड पकडावा तसा तो पकडतो. फार हवा काढली तर टायर रिंगेतून निसटतो, म्हणून त्याची कड बोल्टांनी आवळणाऱ्या खास रिंगा असतात. आणि खेळ संपल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय रस्त्यावर यावयाचे नसते, कारण मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो.

राहिली उंची. मोठा टायर मावावा म्हणून गाडी पाट्यांवर उचलतात. जीपच्या दोन चाकांतले अंतर अठ्ठेचाळीस इंच धरा आणि वजनाचा मध्य जमिनीपासून सव्वीस इंचांवर धरा. अशी गाडी उभ्या जागी सुमारे त्रेचाळीस अंशांपर्यंत कलते आणि मग उलटते. तोच मध्य सहा इंच वर नेला की सदतीस अंशांतच उलटते. म्हणून माथ्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा घालावा लागतो, आणि आस रुंद करावे लागतात. आस रुंद झाले की सुकाणू जड होते. सुकाणू जड झाले की त्याचे सांधे बदलावे लागतात.

श्रोतेहो, आम्हांला जे सांगावयाचे आहे त्याचे सूत्र येथवर तुमच्या ध्यानात आले असेल. या गाडीत तुम्ही एक भाग बदला, त्याच्यावरचा बोजा नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागावर सरकतो. टायरावरून तो दांड्यावर जातो, दांड्यावरून क्राऊन-पिनियनवर, तेथून हौजिंगवर, हौजिंगवरून पाट्यांवर आणि पाट्यांवरून चासीवर. चांगला कारागीर तो, जो बोजाचा माग शेवटपर्यंत काढतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो, येथे हे सोसेल काय? आम्ही जन्मभर संघटनेचे काम केले, त्यातही हाच प्रश्न विचारीत आलो. म्हणून या गाडीच्या बाबतीतही तो शेवटपर्यंत नेऊ. चासीच्या पुढे बोजा कोठे जातो? तो गाडीखाली निजलेल्या माणसावर जातो.

तो माणूस कोण? गावगाड्यात बैलगाडीचे चाक सुतार घडवी. तुंबा, आरे आणि वर पाट्यांचा घेर. मग लोहार गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करी, ती चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धाव आक्रसून लाकडाला अशी आवळून बसे की वर्षानुवर्षे हलू नये. पुढे हवेच्या टायरांची गाडी आली, जिला आपण सगळे डनलॉपची गाडी म्हणतो. धाव गेली, आणि लोहाराचा पोरगा वेल्डिंग शिकला. सुताराचा पोरगा ट्रकांच्या बॉड्या बांधू लागला. आम्ही बलुतेदारीचे गोडवे गात नाही. ती जातीने जखडलेली होती आणि तिने पुष्कळांचा माणूसपणा नाकारला. पण कारागिराचा सुगीत वाटा असतो एवढे तरी ती कबूल करीत होती. आजच्या गॅरेजात हिंदू, मुसलमान, बौद्ध, भिलाला अशी सगळी पोरे एकाच ग्रीसने काळी झालेली दिसतात. जातीचा फास तेथे सैल झाला ही चांगली गोष्ट आहे. पण वाटाही गेला.

हा माणूस काय सोसतो ते सांगतो. जॅकवर गाडी उचलली आणि खाली लोखंडी घोडी किंवा लाकडी ठोकळा न लावता तो आत शिरला, तर त्याच्या छातीवर दीड टन लोखंड केवळ एका वायसरच्या भरवशावर असते. घोडीला पैसे पडतात, म्हणून ती पुष्कळ ठिकाणी नसते. ब्रेकच्या डब्यातली धूळ तो हवेच्या नळीने फुंकतो. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचा तंतू फुप्फुसात गेला तर रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. तोवर मालक बदललेला असतो आणि दुकानही. पिंजरा बनविण्यासाठी सीमलेस पाइपाऐवजी पाण्याचा जस्ताचा पाइप वापरला, तर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर नाकात जातो आणि रात्री थंडीताप भरतो. लोक म्हणतात, ऊन लागले. आणि असा पिंजरा ऐन वेळी वाकतो तो वेगळाच. पाट्यांना वेल्डिंग करू नये, कारण लोहाराने पाणी देऊन आणलेला त्यांचा ताव उतरतो. हौजिंगला वेल्डिंग करताना घाई करू नये, कारण तापलेले लोखंड निवताना ओढले जाते आणि आस वाकडा होतो. हे सारे मिस्त्रीला ठाऊक असते. पण मालक म्हणतो, "परवा गोव्याला निघायचंय." मग घाईचा बोजाही त्याच्यावरच येतो.

२०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातील एका लोहार कारागिराची मोठी वार्ता झाली. भंगारातले भाग जुळवून त्याने मुलासाठी चारचाकी गाडी बनविली. ती दुचाकीसारखी लाथ मारून चालू होत असे. तिची चित्रफीत आनंद महिंद्र यांनी पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिली. सौजन्य म्हणून ही गोष्ट चांगली झाली, आणि त्या कारागिराच्या घरी आनंद झाला याचे आम्हांलाही समाधान आहे. पण प्रश्न उरतो तो असा, की त्याच्यासारखे बाकीचे कोठे आहेत? ज्याची चित्रफीत कोणा मोठ्या माणसाने पाहिली त्याला बक्षीस मिळाले. ज्याची पाहिली नाही, त्याला काय? बक्षीस ही देणाऱ्याची मर्जी असते. आम्ही ज्या गोष्टीसाठी झगडतो ती मर्जीवर अवलंबून नसावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने ठरविलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. दिव्यांगांसाठी जुळवून घेतलेल्या गाडीसारखे काही अपवाद आहेत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणजे आपण वर्णिलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. म्हणूनच स्पर्धेतल्या अशा गाड्या दुसऱ्या वाहनावर चढवून नेतात.

आम्ही कामगारांचे लोक, म्हणून कायद्याविरुद्ध बोलू अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती चुकीची आहे. हा कायदा आम्हांला मान्य आहे. सदतीस अंशांत उलटणारी गाडी बाजाराच्या रस्त्यावर नको. तेथे पायी चालणारा मजूरच तिच्याखाली सापडतो. तसेच जंगलही नको. ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही आपली अभयारण्ये आहेत. तेथले खडक कोणाच्या खेळासाठी ठेवलेले नाहीत. हौस करावयाची तर बंद पडलेली दगडाची खाण पाहावी, कुंपण घालावे, जाणत्या अभियंत्याकडून गाडीची तपासणी करवून घ्यावी आणि विमा उतरवून मग चढावे. आपल्या जिल्ह्याला गिट्टीच्या खाणींची वाण नाही. दगड काढून झाल्यावर खाण सोडून दिली जाते, आणि पावसाळ्यात तिच्यात गुरे आणि पोरे बुडतात. तिचा असा उपयोग झाला तर चार कारागिरांना उजळ माथ्याने काम मिळेल.

कोणी असेही म्हणतात, की अशा गाड्या सातपुड्यातल्या पाड्यांवर रुग्णवाहिका म्हणून उपयोगी पडतील. त्यांना आमचे उत्तर असे, की रस्त्याच्या मागणीला गाडी हे उत्तर नव्हे. बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, त्या ठिकाणी पहिला हक्क रस्त्याचा आणि दवाखान्याचा आहे. खडक चढणारी जीप दाखवून कोणी रस्ता पुढे ढकलील तर आम्ही त्याच्या आडवे येऊ. मात्र रस्ता होईपर्यंत चारही चाकांची ओढ असलेली, कारखान्याने बनविलेली, नोंदलेली गाडी तेथे ठेवावी आणि ती नीट राखणारा मिस्त्री त्या तालुक्यात असावा. ओढ्यात अडकलेली गाडी रात्री बाहेर काढावयाची तर तेथे पदवी कामास येत नाही. डिफरन्शियल आणि टायरची हवा जाणणारा माणूस लागतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, या विद्येला कागद मिळावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि आधीच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सरकारी योजनाही आहे. ती परीक्षा जिल्ह्याच्या गावी बोलावून लेखी घेऊ नका. मलकापूरच्या आणि मेहकरच्या गॅरेजात जा, एक मोडका आस पुढ्यात टाका आणि विचारा, हा का मोडला? जो बरोबर सांगेल त्याला दाखला द्या.

दुसरी मागणी विम्याची. राज्य कामगार विमा सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना बंधनकारक असतो. आमच्या गॅरेजात वस्ताद, दोन मिस्त्री आणि दोन पोरे. ती दहात बसत नाहीत. पण विखुरलेल्या माणसांना कायद्याच्या छत्राखाली आणता येत नाही असे म्हणू नका. याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी हमालांसाठी कायदा केला. त्या हमालांना एक मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, पेढीपेढीवर विखुरलेले ते लोक होते. अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसांनी त्यांना एकत्र केले आणि मंडळे उभी राहिली. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे मिळाले, ते पाठीवर निजून काम करणाऱ्याला का मिळू नये?

तिसरी मागणी तुम्हां श्रोत्यांकडे आहे, सरकारकडे नाही. चौदा वर्षांखालचे पोर कामावर दिसले तर तेथे गाडी देऊ नका. १९८६ च्या कायद्याला २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ते सरसकट मना आहे. त्या पोराला शाळेत धाडा. तो हुशार निघाला तर आस पुढेही शिकेल. आणि मिस्त्रीने मजुरी सांगितली की घासाघीस करण्यापूर्वी गाडीखाली एकदा वाकून पाहा. घोडी लावली आहे काय, एवढे विचारा. गिऱ्हाइकाने विचारले की दुकानात घोडी येते, हा आमचा अनुभव आहे.

खडक चढणारी जीप ही श्रीमंताची हौस आहे हे आम्ही जाणतो. तिच्यावर आमचा राग नाही. हौसेमुळेही विद्या वाढते. घोड्यांच्या शर्यतींनी नालबंद पोसला आणि तमाशाने ढोलकी घडविणारा पोसला. आमचे मागणे इतकेच, की त्या गाडीचे दांडे किती पीळ सोसतील हे जितक्या काळजीने मोजले जाते, तितक्याच काळजीने तिच्या कारागिरावरचा भार मोजला जावा.